संसदेच्या वहीत आपल्या माणसाची नोंद

२०२१ सालच्या वर्षावासातली गोष्ट आहे. करोनामुळे विहारात मोजकीच माणसे जमत होती. त्या दिवशीचे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपले, वंदना झाली, माणसे घरोघर गेली. एक बाई मात्र दारापाशी थांबून राहिली. शेजारच्या वस्तीतली, चार घरी धुणीभांडी करणारी. तिच्या हातात वर्तमानपत्राचा घडी घातलेला तुकडा होता. म्हणाली, "भाऊ, एवढं नीट वाचून दाखवा. पोरगी म्हणती, दिल्लीत मंत्र्यानं सांगितलं, मैला काढताना कुणी मेलंच नाही. मग आमचं माणूस कुठं गेलं?"

आमच्या मुळशी तालुक्यात पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले आणि फार्महाऊस पुष्कळ. अशाच एका बंगल्याची मैल्याची टाकी साफ करायला २०१९ साली ठेकेदाराने दोन माणसे नेली. दोर नाही, मास्क नाही, यंत्र नाही. दोघे उतरले, एकच बाहेर आला. ठेकेदाराने थोडे पैसे हातावर ठेवले, चार लोकांनी "आता वाढवू नका" असे समजावले, आणि प्रकरण अपघात म्हणून मिटले. पदरात दोन मुली. तिच्या प्रश्नाला त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हते. मी एका कचेरीत लेखनिक. बी.कॉम. झालेला, आवक-जावक आणि हिशोबाच्या वह्या सांभाळणारा माणूस. पण दिल्लीच्या वहीत नोंद कशी होते, कोण करतो, कोण तपासतो, हे मीही कधी नीट पाहिले नव्हते. त्यानंतर पाहू लागलो. जे कळले ते आपल्या घराघरांत कळावे म्हणून हा लेख.

एकच खाते, वेगवेगळी उत्तरे

बातमी खरी होती. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत एका प्रश्नाला केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी लेखी उत्तर दिले. हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. देशभर त्यावर गदारोळ झाला. आपल्याच समाजातले मंत्री आणि असे उत्तर, म्हणून आपल्या लोकांना ते अधिकच लागले.

पण रागावून कागद फेकून देण्याआधी आपण वही उलटी चाळून पाहू. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच खात्याने लोकसभेत उत्तर दिले होते की डिसेंबर २०२० अखेरपर्यंतच्या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना देशात ३४० माणसे मेली. त्यांत महाराष्ट्रातली ३४. आणि जुलैच्या त्या उत्तरानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्याच खात्याने राज्यसभेत सांगितले की १९९३ पासून गटारे आणि टाक्यांच्या धोकादायक सफाईत ९४१ मृत्यूंची नोंद आहे.

फेब्रुवारीत ३४०, जुलैत एकही नाही, ऑगस्टमध्ये ९४१! हे कसे काय?

याचे मर्म प्रश्नातल्या शब्दांत आहे. २०१३ सालचा कायदा, म्हणजे हाताने मैला उचलणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन करणारा कायदा, ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. महापरिनिर्वाण दिनाची तारीख असल्याने ती आपल्या लक्षात राहण्यासारखी आहे. या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. कोरड्या संडासातला, उघड्या नालीतला किंवा खड्ड्यातला मैला हाताने काढणे, ही एक. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणे, ही दुसरी. तिला कायदा 'धोकादायक सफाई' म्हणतो. दोन्हीला बंदी आहे. टाकीत असे उतरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

म्हणजे खासदाराने पहिला शब्द वापरून विचारले की खाते पहिला रकाना उघडते. त्या रकान्यात शून्य. दुसरा शब्द वापरला की दुसरा रकाना उघडतो, आणि त्यात शेकडो माणसे निघतात. माणूस तोच, टाकी तीच, विषारी वायू तोच. फक्त रकाना बदलला.

हिशोबाच्या कामात असलेल्या कोणालाही हे नवे नाही. एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली की पहिले खाते कोरे दिसते. पण रक्कम नाहीशी होत नाही! शोधणाऱ्याला खतावणी माहीत पाहिजे, एवढेच. मंत्र्यांनी शब्दाच्या आड उभे राहायला नको होते, हे मी स्पष्ट म्हणतो. परंतु शब्दाची आड आपल्याला ओळखता आली नाही, तर पुढचाही मंत्री तिथेच उभा राहील. मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

त्याच वर्षी १ डिसेंबरला आणखी एक उत्तर आले. हाताने मैला उचलणाऱ्या ज्या लोकांची सरकारी पाहणीत नोंद झाली, त्यांतल्या ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती खात्याकडे होती. त्यांत अनुसूचित जातींचे ४२,५९४, अनुसूचित जमातींचे ४२१, इतर मागासवर्गीय ४३१ आणि बाकीचे ३५१. शंभरात सत्त्याण्णव माणसे आपली. सभेत हे कितीही वेळा ओरडून सांगितले तरी लोक म्हणतील, हा तुमचा आरोप आहे. पण आता ही सरकारची स्वतःची नोंद झाली. जावक क्रमांक पडलेला कागद! तो नाकारता येत नाही. एका खासदाराने जातीचा रकाना मागितला म्हणून ही नोंद झाली.

रोजचा हिशोब आणि पाच वर्षांचा ताळेबंद

प्रश्न विचारण्याची ही पद्धत आली कुठून? इंग्रजी अमदानीत १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची परवानगी मिळाली. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नही विचारता येऊ लागला. स्वातंत्र्यानंतर ते संसदेचे नित्याचे काम झाले.

परमपूज्य बाबासाहेब या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसलेले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १९२७ पासून मुंबईच्या विधिमंडळात ते विचारणाऱ्यांच्या बाजूला होते. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री आणि १९४७ ते १९५१ कायदेमंत्री म्हणून ते उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला होते. १९५२ पासून राज्यसभेत पुन्हा विचारणाऱ्यांच्या बाजूला. उत्तर देणे नेहमी सोपे नसे. महायुद्धाच्या काळात कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ साली खाणीत जमिनीखाली बायकांना काम करायला असलेली बंदी सरकारने उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावरून सरकारला धारेवर धरण्यात आले, आणि मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना उभे राहून उत्तर द्यावे लागले. १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे भाषण-लेखनाचे जे खंड काढले, त्यांच्या दुसऱ्या आणि दहाव्या खंडांत हा सारा कारभार वाचायला मिळतो. ज्या विहारात हे खंड कपाटात कुलुपात आहेत, तिथल्या तरुणांनी ते बाहेर काढावेत.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना बाबासाहेबांनी या विषयाचे मूळच उघडून दाखवले. अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत घ्यावी की इंग्लंडसारखी संसदीय, हा वाद होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एका पद्धतीत स्थैर्य जास्त आणि दुसरीत जबाबदारी जास्त. मसुद्याने जबाबदारीला अधिक मान दिला आहे. संसदीय पद्धतीत सरकारच्या जबाबदारीची तपासणी दोनदा होते. ठरावीक काळाने मतदार निवडणुकीत करतात, आणि रोजच्या रोज सभासद करतात, प्रश्न विचारून, ठराव आणून, तहकुबी आणि अविश्वासाच्या सूचना मांडून, चर्चा करून. रोजची तपासणी ही मुदतीच्या तपासणीपेक्षा अधिक परिणामकारक आहे, आणि भारतासारख्या देशाला तिची गरज अधिक आहे.

आमच्या भाषेत सांगायचे तर निवडणूक हा पाच वर्षांचा ताळेबंद आणि प्रश्न ही रोजकीर्द. ज्या दुकानाची रोजकीर्द खोटी, त्याचा ताळेबंद खरा कसा निघेल? आपण मात्र ताळेबंदाच्या दिवशी रांगा लावतो, झेंडे घेऊन फिरतो, आणि पाच वर्षे रोजकीर्द उघडूनही पाहत नाही.

या रोजकीर्दीत केवढी ताकद आहे याचे एक उदाहरण. १९५७ साली लोकसभेत एक प्रश्न आला, की आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत पैसे गुंतवले आहेत काय? साध्या माणसाच्या विम्याच्या हप्त्याचा तो पैसा. फिरोज गांधींनी तो विषय सभागृहात लावून धरला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात एका प्रश्नाने झाली.

आणि याला काळी बाजूही आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांना घरी पाठवण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. श्रीमंत लोक ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायला तयार होते, ती गोष्ट आपण फुकट मिळत असून मागत नाही!

काम चालते कसे

लोकसभेत एका दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतात. राज्यसभेत पंधरा आणि एकशे साठ. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. वेळ संपला आणि पाळी आली नाही, तर त्याचेही लेखी उत्तरच मिळते. अतारांकित प्रश्नाचे उत्तर छापील स्वरूपात पटलावर ठेवले जाते, त्यावर उपप्रश्न नाही. लोकसभेत निदान पंधरा पूर्ण दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नोटिसा फार झाल्या की सोडत काढतात. प्रश्न साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा, त्यात टोमणा, आरोप किंवा मत विचारणे नसावे, आणि तो विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा. ही उत्तरे आता संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत कोणालाही वाचता येतात. बारावी झालेल्या आपल्या मुलीच्या मोबाइलमध्ये ही सगळी वही आहे.

उत्तरांची भाषा मात्र शिकून घ्यावी लागते. कचेरीत वीस-बावीस वर्षे काढल्याने ती मला ओळखीची वाटली.

'माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवली जाईल', असे उत्तर आले तर ते आश्वासन ठरते. 'विचाराधीन आहे', 'चौकशी चालू आहे' हेही तसेच. अशा आश्वासनांवर नजर ठेवायला लोकसभेची एक समिती १९५३ पासून आहे, आणि तीन महिन्यांत आश्वासन पुरे करावे असा दंडक आहे. म्हणून असे उत्तर आल्यावर आपण गप्प बसायचे नसते. तारीख लिहून ठेवायची आणि खासदाराला आठवण द्यायची.

'हा विषय राज्याच्या अखत्यारीत आहे', असे आले तर तोच प्रश्न आमदारामार्फत मुंबईच्या किंवा नागपूरच्या अधिवेशनात न्यायचा.

'अशी माहिती ठेवली जात नाही', हे सर्वांत वाईट उत्तर. १४ सप्टेंबर २०२० रोजी ते देशाने ऐकले. त्या अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द होता, फक्त लेखी उत्तरे चालू होती. टाळेबंदीत गावी परतताना किती मजूर मेले, असे विचारले गेले. कामगार मंत्रालयाने उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. आणि आकडेवारी नाही म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही! त्याच उत्तरात एक कोटीहून अधिक मजूर गावी परतल्याचा आकडा मात्र होता. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड इथे रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली, ती माणसे साऱ्या जगाने पाहिली होती. पण कामगार खात्याच्या वहीत त्यांना जागा नव्हती. त्याच आठवड्यात रेल्वेमंत्र्यांना वेगळे विचारले गेले, की श्रमिक रेल्वेगाड्यांत किती माणसे दगावली? तिथे उत्तर आले, ९ सप्टेंबरपर्यंत ९७. म्हणजे योग्य खात्याला नेमका प्रश्न विचारला की आकडा निघतो. ज्याची नोंद नाही त्याला भरपाई नाही, हा सरकारी गणिताचा नियम आहे. म्हणून नोंदीसाठी भांडणे हे कोरडे कागदी काम समजू नका, ते पोटाचे भांडण आहे.

चवदार तळ्याचा धडा

कोणी म्हणेल, कागदाने काय होते? रास्त प्रश्न आहे. आमच्या ताम्हिणी घाटातून खाली उतरले की माणगाव लागते आणि पुढे महाड. तिथला इतिहास आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. तरी तीन वर्षे तळ्याच्या पाण्याला आपला हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले, तेव्हा तो कागद जिवंत झाला.

पण याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. तो कागद होता म्हणून, हक्क आधीच मान्य झालेला आहे, आम्ही तो फक्त बजावतो आहोत, असे ठणकावून सांगता आले. आधी सभागृहात नोंद आणि मग रस्त्यावर पाऊल. दोन्ही हवे.

आपण काय करायचे

आपला मुळशी तालुका भोर विधानसभेत आणि बारामती लोकसभेत येतो. आमदार एक, खासदार एक. दोघांना पत्र लिहिता येते. पिरंगुटच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड भरला जातो का, ई.एस.आय.चे कार्ड मिळते का, हे प्रश्न केंद्राकडे जातात. गायरानाचा, एस.टी.चा, रेशनचा प्रश्न राज्याकडे. आपली मुले जिला 'भारत सरकारची शिष्यवृत्ती' म्हणतात, त्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत डिसेंबर २०२० च्या निर्णयाने केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के ठरला. पैसे अडले तर कोणाचा हप्ता अडला, हे दोन्हीकडे विचारावे लागते.

प्रश्न कसा लिहावा? 'सफाई कामगारांवर अन्याय होतो, सरकार झोपले आहे काय?' असा लिहाल तर तो दाखलच होणार नाही. असा लिहा: (१) गेल्या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टँक यांच्या सफाईत किती व्यक्तींचा मृत्यू झाला, राज्यवार व जिल्हावार? (२) त्यांतल्या खाजगी बंगले, सोसायट्या, हॉटेले व कारखान्यांच्या टाक्यांतले किती? (३) किती प्रकरणांत २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदला? (४) किती कुटुंबांना भरपाई मिळाली आणि किती बाकी आहेत, कारणांसह? यात एकही शिवी नाही. पण चारही रकाने भरल्याशिवाय खात्याला सुटका नाही.

भरपाईचेही सांगून ठेवतो. २७ मार्च २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम तीस लाख केली, आणि ज्यांना अजून मिळालेली नाही त्यांनाही ती लागू केली. आपल्या वस्तीत असे घर असेल, तर त्या घरातल्या माउलीला हे सांगणे आपले काम आहे. शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनामा, पोलिसांकडची नोंद यांच्या नकला आजच काढून ठेवा. 'अपघाती मृत्यू' एवढ्यावर समाधान मानू नका. टाकीत उतरवले होते हे कागदावर आले पाहिजे.

त्या बाईचे काय झाले? खोटे सांगणार नाही, अजून पैसे आलेले नाहीत. आम्ही पंचनाम्याची नकल काढली, त्यात टाकीचा उल्लेख निघाला. त्या आधारे अर्ज केला. तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आहे. खासदार आणि आमदार दोघांनाही पत्रे गेली, त्यांच्या पोचा आल्या. मोठी मुलगी आता कॉलेजात जाते. अधिवेशन चालू असले की ती रात्री मोबाइलवर उत्तरे उघडते, आईला वाचून दाखवते, आणि आकडे एका वहीत उतरवते. वहीच्या पहिल्या पानावर तिने वडिलांचे नाव, तारीख आणि टाकीचे ठिकाण लिहिले आहे. खाली एक रकाना रिकामा ठेवला आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्याही विहारात अशी एक वही असू द्या. अधिवेशनाच्या काळात आठवड्यातून एकदा, वंदनेनंतर दहा मिनिटे, कोणत्या मंत्र्याने काय उत्तर दिले ते तरुणांनी वाचून दाखवावे. आयाबायांनी ऐकावे आणि विचारावे. बाबासाहेबांनी जो रोजचा हिशोब घटनेत ठेवला, तो मागणारा कोणी असेल तरच मिळतो. जयभीम!